किता-सेन्री: स्वयंचलित फाटक इथेच का आलं?

ओसाकाच्या उत्तरेला, हान्क्यू रेल्वेच्या सेन्री मार्गाच्या टोकाला किता-सेन्री हे स्थानक आहे. 1 मार्च 1967 रोजी ते सुरू झालं, तेव्हा तिकीट तपासायला तिथे यंत्रं बसवलेली होती. रेल्वे स्थानकांतल्या तिकीट तपासणाऱ्या स्वयंचलित फाटकांचा इतिहास सांगताना या स्थानकाचं नाव हमखास येतं. पण हे फाटक ओसाकाच्या मुख्य स्थानकात न येता टोकाच्या उपनगरात का आलं, हे समजायला 1910 पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी इचिझो कोबायाशी यांच्या कंपनीने ओसाका शहरातल्या उमेदाहून ताकाराझुका या गावाकडे विजेवरची गाडी सुरू केली. हीच पुढची हान्क्यू. मार्गावर शेतं आणि लहान गावं, मग गाडीत बसणार कोण? कोबायाशींनी रुळांलगतची जमीन आधीच घेऊन ठेवली होती. मार्गावरच्या इकेदाला घरं बांधली आणि ती दहा वर्षांच्या मासिक हप्त्यांवर विकली. प्रवासी नव्हते म्हणून प्रवाशांची वस्तीच वसवली! सकाळी ही माणसं शहराकडे जाणार हे उघड होतं. उलट्या दिशेच्या गाड्याही भराव्यात म्हणून ताकाराझुकाला गरम पाण्याची स्नानगृहं आली, 1914 मध्ये मुलींच्या संगीतनाट्याचे प्रयोग सुरू झाले. 1929 मध्ये उमेदा स्थानकातच मोठं डिपार्टमेंट स्टोअर उभं राहिलं. घर, नोकरी, खरेदी, सुटी, सगळं एकाच मार्गावर. जपानच्या खासगी रेल्वे कंपन्या बराच काळ याच वाटेने गेल्या आणि मला ही कल्पना आजही विलक्षण वाटते.

युद्धानंतर कारखान्यांसाठी आणि कचेऱ्यांसाठी माणसं शहरात लोटली, घरं अपुरी पडली. ओसाका प्रांताच्या सरकारने सुइता आणि तोयोनाका या शहरांच्या हद्दीतल्या टेकड्यांवर सेन्री न्यू टाउन आखलं. सुमारे दीड लाख लोकांसाठीची ही जपानमधली पहिली मोठी नियोजित वसाहत. 1962 मध्ये लोक राहायला येऊ लागले. रेल्वे 1963 मध्ये आजच्या मिनामी-सेन्रीपर्यंत पोहोचली आणि 1967 मध्ये किता-सेन्रीपर्यंत.

अशा वसाहतीची अडचण ठरलेली. सगळ्यांच्या कामाची वेळ एक आणि दिशाही एकच. तोवर फाटकाशी उभा कर्मचारी प्रत्येक तिकिटाला हाताने भोक पाडायचा, पास डोळ्यांनी बघायचा. शेकडो माणसं एकदम आली की हे काम माणसाच्या आवाक्याबाहेर जाई. किंतेत्सु रेल्वे आणि ओसाका विद्यापीठाने यावर संशोधन केलं होतं. किता-सेन्रीची यंत्रं तातेइशी कंपनीने, म्हणजे आजच्या ओम्रॉनने बनवली. तिकीट तिरकं घातलं तरी आत सरळ व्हायला हवं, हा मोठा पेच होता. ओढ्यातल्या खडकाला लागून वळलेलं बांबूचं पान पाहून एका अभियंत्याला युक्ती सुचली, असं सांगतात.

नव्या स्थानकाचा फायदा असा, की जुनी व्यवस्था मोडावी लागली नाही. टोकियोत एकमेकांत गुंतलेल्या कंपन्यांची तिकिटं जुळवणं अवघड होतं. तिथे ही फाटकं सर्रास दिसायला 1990 चं दशक उजाडलं. 2001 मध्ये टोकियो परिसरात सुइका कार्ड आलं आणि पास यंत्रात घालायचीही गरज उरली नाही, नुसता टेकवला की झालं.