गुडघाभर पाण्यातलं विष

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना माणसं ज्या पाण्यात उभी असतात ते जेमतेम मांडीपर्यंत येतं. हातात दोर, नजर जाळ्यावर, पायाखाली वाळू. पाकटाला विसाव्यासाठी आवडणारी जागा नेमकी हीच. हा चपटा मासा पंखांची कड हलवून अंगावर वाळूचा पातळ थर ओढून घेतो आणि फक्त डोळे नि डोळ्यांमागची श्वासाची छिद्रं उघडी ठेवतो. वरून बघणाऱ्याला तिथे वाळूच दिसते.

कोकण किनाऱ्यावर विषारी सागरी जीवांमुळे होणाऱ्या बहुतेक इजा खोल समुद्रात होत नाहीत. त्या होतात गुडघाभर पाण्यात, मासळी निवडायच्या ढिगात आणि भरतीने ओला केलेल्या वाळूच्या पट्ट्यावर. शिवाय ही सगळी विषं एका जातीची नाहीत. पाकटाच्या जखमेला आराम देणारा उपाय समुद्री सापाच्या दंशावर कुचकामी ठरतो, आणि भलत्याच उपायात वेळ गेला की माणूस हातचा जातो. म्हणून कशाने टोचलं, हे कळणं ही उपचाराची पहिली पायरी आहे.

पाकटाचा, म्हणजे काही भागांत वागळी म्हणतात त्या माशाचा काटा शेपटीच्या टोकाला नसतो. तो शेपटीच्या वरच्या अंगाला, बुडाच्या बाजूला असतो. त्यामुळे शेपटीचं टोक धरलं म्हणजे सुरक्षित, हा समज घातक आहे. काट्याच्या दोन्ही कडांना करवतीसारखे दाते असतात आणि ते उलटे, शरीराकडे वळलेले असतात. काटा आत जाताना सहज जातो, बाहेर येताना मांस फाडतो. त्याच्या खालच्या बाजूला दोन खाचा असून विष बनवणाऱ्या पेशी त्या खाचांत असतात. सगळ्यावर कातडीचं पातळ वेष्टण असतं. काटा रुतला की ते वेष्टण फाटतं, विष जखमेत उतरतं आणि वेष्टणाचे तुकडेही आतच राहतात. जखम आठवडे उलटले तरी भरत नाही, त्याचं एक मोठं कारण हे तुकडे. एक्स-रेमध्ये काट्याचा मोडका तुकडा दिसतो, वेष्टण दिसत नाही. त्यामुळे ‘एक्स-रे स्वच्छ आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. जखम उघडून नीट धुतली गेली का, हे विचारावं.

पाकट हल्ला करत नाही. अंगावर पाय पडला की शेपटी उसळते आणि काटा घोट्यात किंवा पावलाच्या वरच्या भागात शिरतो. 2013 च्या सप्टेंबरमध्ये गणेश विसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर अनेक भाविकांना असेच काटे लागले. अनवाणी पाय, गढूळ पाणी, सपाट वाळू आणि गर्दी: पाकटाला पळायला वाट नव्हती आणि माणसांना तळ दिसत नव्हता. अशा पाण्यात पाऊल उचलून टाकायचं नसतं, तळावरून घासत पुढे सरकवायचं असतं. घासणाऱ्या पावलाचा धक्का पाकटाला बाजूने लागतो आणि तो उठून निघून जातो. उचललेलं पाऊल वरून पडतं, तेव्हा तो खाली दबतो. पाण्यात पुढे काठी टोचत चालणंही चांगलं. चपलेवर मात्र भिस्त ठेवू नये, काटा रबराच्या आरपार जातो.

काटा लागल्यावर वेदना लगेच सुरू होते, पण तिथेच थांबत नाही. पुढच्या अर्ध्या ते दीड तासात ती वाढत जाते, मांडीपर्यंत चढते; कधी मळमळ, घाम, भोवळ येते. दुखणं दोन दिवसही रेंगाळू शकतं. यावर सर्वांत प्रभावी प्रथमोपचार घरातच असतो: गरम पाणी. जखम आधी समुद्राच्या किंवा नळाच्या पाण्याने धुवायची, वर दिसणारे काट्याचे तुकडे चिमट्याने काढायचे, रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरायचं आणि मग पाऊल 42 ते 45 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात बुडवायचं. अर्धा ते दीड तास. पाकटाचं विष प्रथिनांचं आहे आणि उष्णतेने प्रथिनांची घडी मोडते, हे याचं एक स्पष्टीकरण. वेदनेचा निरोप नेणाऱ्या चेतातंतूंवर उष्णतेचा परिणाम होतो, हे दुसरं.

तापमापक नसेल तर हिशेब सोपा आहे. साधं पाणी 28 अंशांच्या आसपास असेल, तर एक तांब्या उकळत्या पाण्यात साडेतीन तांबे साधं पाणी घातलं की ते साधारण 44 अंशांवर येतं. चार तांबे घातले तर 42. तीनच घातले तर 46, आणि ते जास्त झालं. आता सर्वांत महत्त्वाची खबरदारी: पाणी सोसवतं का, हे जखमी पायाने तपासायचं नाही. त्या पायात आधीच इतकी आग असते की भाजलेलं कळत नाही, आणि काट्याच्या जखमेवर फोड आलेले रुग्ण दवाखान्यात पोचतात ते याच चुकीमुळे. दुसरा पाय किंवा चांगल्या माणसाचं कोपर पाण्यात घालून बघावं. पाणी निवलं की नवं गरम पाणी ओतण्याआधी पाऊल बाहेर काढावं, ढवळावं, पुन्हा तपासावं. होडीवर चहासाठी स्टोव्ह असतोच. त्यावर एक पातेलं चढवलं की झालं.

जखमेत चुना किंवा हळद भरू नये, दोरीने पाय आवळू नये. समुद्राच्या आणि खाडीच्या कोमट पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जिवाणू असतात. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांच्या जखमेत ते एका दिवसात पाय काळानिळा करू शकतात. अशा माणसाने दुखणं थांबलं तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. धनुर्वाताचं इंजेक्शन सगळ्यांनाच हवं. काटा छाती, पोट किंवा मानेत रुतला असेल तर तो उपसायचाच नाही, आहे तसा स्थिर धरून रुग्णालयात न्यायचं. 2006 साली ऑस्ट्रेलियातले वन्यजीव कार्यक्रमांचे प्रसिद्ध सादरकर्ते स्टीव्ह अर्विन गेले ते छातीत पाकटाचा काटा घुसून.

शिंगाळा या माशाचं गणित बरंचसं असंच, फक्त जागा वेगळी. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांपुढे एकेक, असे तीन दातेरी काटे. घाबरलेला शिंगाळा ते ताठ करतो आणि सांध्यात चाप बसल्यासारखे ते अडकतात. मासा मेला तरी ते तसेच उभे राहतात. मेलेल्या माशाच्या काट्यातलं विषही लगेच निकामी होत नाही. म्हणून जेट्टीवर मासळी निवडताना ढिगात हात घालणाऱ्या बायकांच्या बोटांना आणि तळव्यांना या जखमा होतात. पकडीने तिन्ही काटे मोडून मगच मासा टोपलीत टाकावा. उपाय तोच, गरम पाणी. बोटात अंगठी किंवा हातात बांगड्या असतील तर सूज यायच्या आत काढाव्यात. दोन-चार आठवड्यांनी त्या जागी न दुखणारी गाठ आली, किंवा हातावर वरच्या बाजूला एकामागोमाग गाठी आल्या, तर डॉक्टरांना मासळीच्या काट्याची आठवण आवर्जून द्यावी. मायकोबॅक्टेरियम मरीनम नावाचा जिवाणू असा सावकाश वाढतो आणि नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही.

उष्णतेचा हा नियम केंड माशाला मात्र लावू नये. केंड टोचत नाही. त्याचं विष यकृतात, गाभोळीत आणि कातडीत असतं, म्हणजे धोका खाण्यात आहे. टेट्रोडोटॉक्सिन हे ते विष प्रथिन नाही. तास-दीड तास उकळलं, तळलं तरी ते टिकतं. ओठ-जीभ बधिर होणं, मग हातपाय लुळे पडणं आणि शेवटी श्वास थांबणं, असा त्याचा क्रम आहे. त्यावर उतारा नाही. विष उतरेपर्यंत व्हेंटिलेटरवर श्वास चालू ठेवणं हाच उपचार. जाळ्यात आलेला केंड मांजरालाही घालू नये.

पावसाळ्यात वाऱ्याचा जोर असतो तेव्हा किनाऱ्यावर निळसर, फुगलेल्या पिशव्या येऊन पडतात. याच ब्लू बॉटल. 2018 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत त्यांनी अनेकांना डंख केले होते. दिसायला जेलीफिश, पण हा एक प्राणी नसून वसाहत आहे: एक घटक तरंगतो, दुसरे शिकार पकडतात, तिसरे पचवतात, चौथे प्रजनन करतात. वरच्या पिशवीला शिडासारखा उंचवटा असतो. तिला स्वतःला पोहता येत नाही, वारा नेईल तिकडे ती जाते. म्हणूनच किनाऱ्याकडे वाहणाऱ्या नैर्ऋत्य वाऱ्यात त्या थव्याने येतात. पिशवी बोटभर असली तरी खाली लोंबणारे तंतू कित्येक मीटर लांब असू शकतात, त्यामुळे पिशवीपासून दूर पोहणाऱ्यालाही फटका बसतो.

तंतूंवर हजारो सूक्ष्म कोश असतात. प्रत्येकात स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पोकळ नळी, आत विष. स्पर्श झाला की नळी उलटून बाहेर झेपावते. याच कुळातल्या हायड्रा या प्राण्यावर मोजणी झाली, तेव्हा हा स्फोट एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळात झाल्याचं दिसलं. त्याला मेंदूच्या आज्ञेची गरज नाही, प्राणी जिवंत असण्याचीही नाही. वाळूत पडलेली, अर्धी सुकलेली ब्लू बॉटल म्हणूनच हातात घेऊ नये. जाळ्याला चिकटून वाळलेले तंतूही पुन्हा ओले झाले की डंख करू शकतात. जाळी झटकताना डोळे चुरचुरतात ते बहुधा यामुळेच, तेव्हा तोंडाला कापड आणि डोळ्यांना चष्मा असावा.

डंख झाल्यावर लोक वाळूने घासतात किंवा बाटलीतलं पिण्याचं पाणी ओततात. दोन्हींमुळे न फुटलेले कोश फुटतात. लघवीचाही काही उपयोग नाही. समुद्राचंच पाणी ओतावं, चिकटलेले तंतू चिमट्याने किंवा हातमोजा घालून उचलावेत, खरवडू नयेत. मग 45 अंशांच्या गरम पाण्यात 20 मिनिटं. ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत बर्फापेक्षा गरम पाण्याने जास्त रुग्णांना आराम पडला. व्हिनेगरबद्दल जाणकारांत एकमत नाही: ऑस्ट्रेलियात ब्लू बॉटलवर ते नको म्हणतात, तर हवाईतल्या संशोधकांना ते उपयोगी आढळलं. आपल्या किनाऱ्यावर आधी गरम पाण्याची सोय बघावी, हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं. धाप लागली, छातीत आवळल्यासारखं झालं किंवा चट्टे अंगभर पसरले तर 108 ला फोन करावा.

खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी शंख वेचताना एक नियम पाळावा: नक्षीदार, शंकूच्या आकाराचा शंख जिवंत असेल तर उचलू नये, खिशात तर मुळीच टाकू नये. कोनस कुळातल्या या गोगलगायी भाल्यासारखा पोकळ दात फेकून मासे किंवा किडे मारतात, आणि तो दात शंखाच्या दोन्ही टोकांपर्यंत पोचू शकतो. काही जातींच्या विषाने माणसं दगावली आहेत. त्याच कुळातल्या एका गोगलगायीच्या विषावरून बनवलेलं झिकोनोटाइड हे वेदनाशामक 2004 पासून अमेरिकेत वापरात आहे.

आता समुद्री साप. सिंधुदुर्गच्या जाळ्यांत प्रामुख्याने दोन जाती येतात, हायड्रोफिस शिस्टोसस म्हणजे चोचीसारख्या तोंडाचा साप, आणि हायड्रोफिस कर्टस. पहिल्याचं आवडतं खाणं म्हणजे शिंगाळे, त्यामुळे शिंगाळ्याच्या थव्यामागे तोही जाळ्यात येतो. रात्री अंधुक उजेडात त्याला वाम, म्हणजे सापासारखा लांब मासा, समजून हात घातला जातो. फरक शेपटीत बघावा: सापाची शेपटी वल्ह्यासारखी उभी चपटी असते आणि अंगावर खवले असतात. वामेच्या पाठीवरून लांबलचक पर जातो, अंग बुळबुळीत असतं आणि डोक्यामागे कल्ल्याची फट दिसते.

हा दंश फसवा आहे. सापाचे सुयांसारखे दात इतके आखूड की टाचणी टोचल्यासारखं वाटतं. सूज नाही, आग नाही. बऱ्याच दंशांत विष उतरतही नाही, आणि त्यामुळेच ‘काही होत नाही’ अशी समजूत पसरते. विष उतरलं असेल तर अर्ध्या तासापासून तीन-चार तासांत मान, पाठ, जबडा आखडू लागतो, हात-पाय हलवले की दुखतं, पापण्या जड होतात. हे विष स्नायूच विरघळवतं. स्नायूंतलं लाल रंगद्रव्य लघवीत उतरून ती कोऱ्या चहासारखी होते आणि मूत्रपिंडं तुंबतात. रक्तात पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकतं.

इथे गरम पाण्याचा काही उपयोग नाही. कापणं, चोखणं, दोरी आवळणंही नाही. 10 ते 15 सेंटिमीटर रुंदीची लवचिक पट्टी बोटांपासून वरपर्यंत सगळ्या हाताला किंवा पायाला गुंडाळावी, मुरगळलेल्या घोट्याला बांधतो तेवढीच घट्ट. नखं निळी पडली तर सैल करावी. लाकडी फळी बांधून तो अवयव आणि माणूस, दोन्ही निश्चल ठेवावेत. त्याला चालवू नये. होडी लगेच वळवावी, गरज पडल्यास तटरक्षक दलाला 1554 वर कळवावं. भारतात मिळणारं सर्पदंशावरचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांसाठी आहे, समुद्री सापांसाठी नाही. त्यांच्यावरचा उतारा ऑस्ट्रेलियात बनतो. म्हणून आपल्याकडे जीव वाचतो तो व्हेंटिलेटर आणि डायलिसिसने, आणि बंदरावरून थेट त्यांची सोय असलेल्या रुग्णालयातच निघावं. डॉक्टरांना दंशाची वेळ सांगावी, सापाचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवावा. वाटेत झालेली लघवी पारदर्शक बाटलीत धरून सोबत न्यावी, तिचा रंग बघून डायलिसिसची तयारी लवकर सुरू करता येते.