गीझरमधली मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी हालचाल

नागपुरात गीझरला वर्षातले निम्म्याहून अधिक महिने फारसे काम नसते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे गेला की गच्चीवरच्या टाकीतले पाणी इतके तापते की दुपारी नळाखाली हात धरवत नाही. डिसेंबरात मात्र रात्रीचे तापमान १० अंशांखाली उतरते. २९ डिसेंबर २०१८ रोजी तर ते ३.५ अंशांवर आले होते. अशाच एका गारठ्याच्या सकाळी आमच्या गीझरने पाणी तापवणे बंद केले आणि नवा थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी ठरावीक तापले की वीज तोडणारा भाग, आणायला मला बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जावे लागले.

हातात आलेली वस्तू साधीच होती: पेन्सिलीहून बारीक पितळी नळी, तिच्या टोकाला प्लॅस्टिकची डबी आणि डबीवर स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायची चकती. या नळीच्या आत इन्व्हार नावाच्या लोह-निकेल मिश्रधातूची कांडी असते. उष्णतेने जवळजवळ न प्रसरण पावणारा हा मिश्रधातू शार्ल एदुआर गियोम यांनी १८९६ मध्ये शोधला आणि निकेल-पोलाद मिश्रधातूंवरील संशोधनासाठी त्यांना १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नळी आणि कांडी दूरच्या टोकाला एकमेकींना जोडलेल्या असतात. पाणी तापते तशी पितळी नळी लांबते, कांडी मात्र जवळपास होती तेवढीच राहते. त्यामुळे कांडीचे डबीकडचे टोक आत ओढले जाते आणि स्विचवरचा दाब सुटतो. माझ्या थर्मोस्टॅटची नळी २७ सेंटीमीटरची होती. पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर जाईपर्यंत अशा नळीत आणि कांडीत पडणारा फरक जेमतेम ०.२ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या दोन पानांच्या जाडीइतका भरतो. चकती फिरवून आपण तापमान ‘ठरवतो’ असे म्हणतो, पण प्रत्यक्षात एवढीशी हालचाल कुठून मोजायला सुरुवात करायची, इतकेच आपण बदलत असतो.

ही संथ हालचाल तशीच स्विचपर्यंत पोहोचली असती, तर स्विचमधले संपर्कबिंदू, म्हणजे एकमेकांना टेकून वीज पुढे नेणारे धातूचे ठिपके, हळूहळू दूर गेले असते आणि त्यांच्यामध्ये ठिणगी रेंगाळली असती. म्हणून डबीत एक वाकवलेली पोलादी पट्टी बसवलेली असते. ती एका मर्यादेपर्यंत दाब सोसते आणि मग एकदम उलटते. गीझरमधून येणारा ‘टक’ आवाज तिचाच. तरीही प्रत्येक वेळी छोटी ठिणगी पडतेच, आणि काही वर्षांनी संपर्कबिंदू काळे पडून वीज अडवू लागतात, किंवा वितळून एकमेकांना चिकटतात. पहिल्या बिघाडात पाणी गार राहते, दुसऱ्यात ते तापतच राहते.

आमच्या जुन्या थर्मोस्टॅटचे संपर्कबिंदू बरे होते. जळली होती ती वायर जोडण्याची जागा. स्क्रूभोवती प्लॅस्टिक तपकिरी होऊन फुगले होते आणि वायरचे आवरण कडक होऊन बोटांत तुटत होते. पाणी तापवणारी दोन हजार वॉटची कॉइल २३० व्होल्टला सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह खेचते. सैल स्क्रूमुळे जोडावर ओहमचा दहावा हिस्सा रोध आला, तरी वाटाण्याएवढ्या जागेत साडेसात वॉट उष्णता निर्माण होते, आणि उष्णतेने जोड आणखी सैल होतो. अशा वेळी वायरचे जळके टोक न कापता नुसता थर्मोस्टॅट बदलला, तर पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच होणार. कॉइल शाबूत आहे का, हे मल्टीमीटरने आधीच पाहावे. सुटी केलेली दोन हजार वॉटची कॉइल साधारण २६ ओहम दाखवते.

एक मार्ग मात्र कधीही पत्करू नये. आदल्या वर्षी आमच्याकडे आलेला एक कारागीर ‘डायरेक्ट करून देतो’ म्हणाला होता, म्हणजे थर्मोस्टॅट वगळून वीज थेट कॉइलला देणार होता. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे तापले तर वीज तोडणारा कटआउट वेगळा असतो, पण ‘डायरेक्ट’ करणारे बहुधा त्यालाही वगळतात. मग भिस्त राहते जास्तीचा दाब सोडणाऱ्या एकट्या सेफ्टी व्हॉल्व्हवर, आणि बोअरवेलच्या जड पाण्याने तो क्षार साचून अडकलेला असू शकतो. बंद टाकीत दाबाखालचे पाणी १०० अंशांच्या पुढेही द्रवरूपात राहते. टाकी फाटली की त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे सोळाशेपट जागा लागते.

बदलण्याचे काम अर्ध्या तासाचे आहे. स्विच बंद करून भागत नाही. प्लग काढावा, आणि वायर थेट जोडलेली असेल तर एमसीबी, म्हणजे घराच्या वीजपेटीतला त्या वायरीचा स्विच, पाडावा. टेस्टर आधी चालू असलेल्या सॉकेटवर तपासून मग गीझरच्या दोन्ही वायरींना लावावा, कारण घरातली जोडणी उलटी असेल तर थर्मोस्टॅट वीज आणणाऱ्या फेजऐवजी परतीची न्यूट्रल वायर तोडतो आणि गीझर बंद दिसत असूनही कॉइलमध्ये वीज असते. वायरी सोडण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढावा. नळीचा थर्मोस्टॅट बहुधा कोरड्या खोबणीत बसतो, त्यामुळे टाकी रिकामी करावी लागत नाही. नवा आणताना नळीची लांबी आणि अँपिअर जुन्यासारखेच घ्यावेत. अर्थिंगची हिरवी वायर घट्ट आहे याची खात्री करावी, आणि ती मुळात नसेल तर काम तिथेच थांबवून इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

काम जमले की नाही, हे घड्याळावर पडताळता येते. पंधरा लिटर पाणी १५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला दोन हजार वॉटच्या कॉइलला हिशेबाने २४ मिनिटांच्या आसपास लागतात. व्होल्टेज २१० वर घसरले तर हाच वेळ २८ मिनिटांवर जातो. ‘टक’ फारच लवकर आला, तर खोबणीजवळचे पाणी तेवढे तापले आहे आणि क्षारांच्या थरामुळे उष्णता पुढे पसरत नाही, अशी शंका घ्यावी. आमच्या गीझरचा आवाज सव्वीसाव्या मिनिटाला आला.