नवा खुबा आणि भोवतीचे जुने शरीर

खुब्याचा सांधा बदलल्यावर डॉक्टर नातेवाइकांना एक्स-रे दाखवतात, तेव्हा त्या करड्या चित्रात नवा सांधा पांढराशुभ्र आणि रेखीव दिसतो. बहुतेक रुग्णालयांत शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी, काही ठिकाणी तर त्याच संध्याकाळी, रुग्णाला वॉकर धरून उभे केले जाते. ‘बॉल बदलला, काम झाले’ ही घरच्यांची समजूत इथूनच तयार होते आणि ती अर्धीच खरी असते. मांडीच्या हाडात बसवलेला धातूचा दांडा, त्यावरचा गोळा आणि कमरेच्या हाडातील वाटी हे भाग टेबलावरच पूर्ण तयार असतात. त्यांना बरे व्हायचे नसते. बरे व्हायचे असते ते भोवतालचे शरीर: कापलेले स्नायू, उघडलेला सांध्याचा पडदा, खरवडलेले हाड आणि दुखावलेल्या रक्तवाहिन्या. सांधा तयार आहे पण शरीर नाही, असा हा सुमारे तीन महिन्यांचा काळ असतो आणि बहुतेक गुंतागुंती याच काळात डोके वर काढतात.

पहिल्या दिवसांत भूल आणि वेदनाशामकांमुळे लघवी अडणे, बद्धकोष्ठता होणे, वयस्कर रुग्णाने रात्री असंबद्ध बोलणे असे प्रकार घडतात. घरचे यामुळे घाबरून जातात, पण वेळेवर सांगितले तर बहुतेक वेळा ते काही दिवसांत आटोक्यात येतात. खरी काळजी करावी ती रक्ताच्या गुठळीची. शिरेत रक्त गोठण्यास तीन गोष्टी कारणीभूत ठरतात, रक्ताचा प्रवाह मंदावणे, शिरेच्या भिंतीला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. वैद्यकात हे त्रिकूट एकोणिसाव्या शतकातील जर्मन रोगशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांच्या नावाने ओळखले जाते. खुब्याच्या शस्त्रक्रियेत तिन्ही एकत्र येतात. पाय पिळून धरल्यामुळे मांडीची मोठी शीर मुरगळते, हाड कोरताना ऊतींतून गोठण्याला चालना देणारे घटक रक्तात उतरतात आणि त्यानंतर रुग्ण पडून राहतो. प्रतिबंधक औषधे दिली जात नव्हती त्या काळात शिरांची रंगद्रव्य टाकून तपासणी केली असता ४० ते ६० टक्के रुग्णांच्या पायात गुठळ्या आढळत. त्यांतील बहुसंख्य कोणतेही लक्षण न दाखवता विरून जात, पण एखादी सुटून फुप्फुसाच्या धमनीत अडकली की जिवावर बेतत असे.

म्हणूनच आता गुठळी रोखणारी इंजेक्शने किंवा गोळ्या दिल्या जातात आणि अनेकदा त्या घरी गेल्यावरही, एकूण ३५ दिवसांपर्यंत, चालू ठेवाव्या लागतात. त्यांना आपल्याकडे ‘रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या’ म्हणतात आणि हे नाव थोडे घातकच आहे, कारण रक्त पातळ झाले तर अशक्तपणा येईल या समजुतीने लोक त्या परस्पर बंद करतात. वास्तविक या औषधांनी रक्त पातळ होत नाही. त्यांनी रक्त गोठण्याची साखळी फक्त मंदावते. गोळीच्या जोडीला पाऊल वर-खाली करण्याचा व्यायाम असतो. तो इतका साधा वाटतो की कोणी मनावर घेत नाही, पण पोटरीचे स्नायू आवळले की शिरांतले रक्त वर ढकलले जाते आणि चालणे कमी असताना हाच पंप उपयोगी पडतो.

अडचण अशी की शस्त्रक्रिया झालेला पाय तसाही सुजतोच. साधी सूज दिवसभर पाय खाली सोडल्याने संध्याकाळी वाढते आणि रात्री पाय उशीवर ठेवून झोपले की सकाळपर्यंत बरीच उतरते; मांडीतले काळेनिळे डाग गुरुत्वाकर्षणाने खाली सरकत गुडघ्यापर्यंत, कधी घोट्यापर्यंत येतात. हे सर्व अपेक्षित आहे. एकाच पोटरीची ताठर, दाबले असता दुखणारी आणि रात्रीच्या विश्रांतीनेही न उतरणारी सूज मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली किंवा थुंकीत रक्त दिसले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. सुजलेल्या पायाला तेल लावून मालीश करण्याची आपली जुनी सवय इथे पूर्णपणे सोडून द्यावी, कारण शिरेत गुठळी असल्यास चोळण्याने ती सुटू शकते.

सांधा निखळणे ही रुग्णाच्या मनातली सर्वांत मोठी भीती असते. शंभरात साधारण एक ते तीन रुग्णांच्या बाबतीत ते घडते आणि त्यातही निम्म्याहून अधिक वेळा पहिल्या तीन महिन्यांत. निसर्गाने दिलेल्या खुब्यात गोळा मोठा आणि खोबण खोल असते, काठाभोवती कूर्चेची कड असते आणि या सर्वांवर अस्थिबंधांचा मजबूत पडदा ताणलेला असतो. शल्यचिकित्सक मागच्या बाजूने सांध्यापर्यंत पोहोचतो तेव्हा हा पडदा आणि मांडी बाहेर वळवणारे छोटे स्नायू कापावे लागतात. ते शेवटी शिवले जातात, पण शिवण भरून घट्ट व्रणऊती तयार होईपर्यंत मागची भिंत कच्चीच असते. या काळात रुग्ण खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवून खाली झुकला आणि त्याच वेळी गुडघा आत वळला, की दांड्याची मान वाटीच्या पुढच्या काठावर टेकते, तो काठ टेकू बनतो आणि पहारीने दगड उचकटावा तसा गोळा मागून बाहेर पडतो.

गोळ्याच्या आकाराचा इथे थेट संबंध आहे. आधुनिक कृत्रिम खुब्याचे जनक मानले जाणारे ब्रिटिश शल्यचिकित्सक जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये इंग्लंडमधील रायटिंग्टन रुग्णालयात पॉलिएथिलीन या प्लास्टिकची वाटी वापरायला सुरुवात केली. त्यांचा गोळा मुद्दाम लहान, केवळ २२.२५ मिलिमीटर व्यासाचा होता. लहान गोळ्याच्या घर्षणाने वाटीला कमी पीळ बसतो, हा त्यामागचा विचार योग्यच होता. परंतु वाटीतून निसटण्यासाठी गोळ्याला जवळपास आपल्या त्रिज्येइतके सरकावे लागते: २२ मिलिमीटरच्या गोळ्याला सुमारे ११, तर ३६ मिलिमीटरच्या गोळ्याला सुमारे १८ मिलिमीटर. प्लास्टिकची झीज कमी करण्याचे तंत्र सुधारल्यावर मोठे गोळे वापरणे शक्य झाले आणि निखळण्याचे प्रमाण घटले. चीर पुढच्या बाजूने घेतली असेल तर मागची भिंत शाबूत राहते आणि बंधनेही वेगळी असतात. काही रुग्णालये आता ही बंधने पूर्वीपेक्षा सैल ठेवतात. त्यामुळे शेजाऱ्याला काय सांगितले होते, यापेक्षा आपली चीर कोणत्या बाजूने आहे आणि गोळा किती मिलिमीटरचा आहे, हे डिस्चार्जपूर्वी विचारून घेणे जास्त शहाणपणाचे आहे.

मराठी घरात ९० अंशांचा नियम पाळणे सोपे नाही, कारण आपले निम्मे जगणे जमिनीलगत चालते. पाटावर बसून जेवणे, मांडी घालून पूजा करणे, उकिडवे बसून भाजी निवडणे, भारतीय पद्धतीचे शौचालय, खाटेखालची चप्पल ओढून काढणे, या प्रत्येक हालचालीत खुबा ९० अंशांच्या पलीकडे जातो. त्यातही सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे मऊ सोफा: दिसतो उंच, पण बसल्यावर खुबे गुडघ्यांच्या खाली रुततात. गुडघ्यापेक्षा थोडी उंच, हात असलेली टणक खुर्ची, कमोडवर बसवायची उंच सीट, लांब दांड्याचा चिमटा आणि झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी एवढी तयारी शस्त्रक्रियेच्या आधी करून ठेवावी. एवढे करूनही अचानक तीव्र कळ येऊन पाय आखूड आणि आत वळलेला दिसू लागला व त्यावर भार देता येईना, तर सांधा निखळला असे समजावे. अशा वेळी पाय ओढून बसवण्याचा प्रयत्न घरी किंवा हाडवैद्याकडे मुळीच करू नये. रुग्णालयात भूल देऊन तो बहुतेक वेळा चीर न देता बसवता येतो. वारंवार निखळू लागल्यास मात्र भागांची बसवण तपासून कधीकधी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

जंतुसंसर्ग शंभरात एक-दोघांनाच होतो, पण झाला तर त्याच्याइतका चिवट शत्रू दुसरा नाही. याचे कारण १९५७ मध्ये एलेक आणि कोनेन या संशोधकांनी इंग्लंडमध्ये केलेल्या एका प्रयोगात सापडते. स्वयंसेवकांच्या त्वचेत पू निर्माण करण्यासाठी स्टॅफिलोकोकस जातीचे काही दशलक्ष जिवाणू टोचावे लागत होते. त्याच जागी रेशमी टाका घातला, की सुमारे शंभर जिवाणूही पुरत. निर्जीव वस्तू आत असली की शरीराची फौज तिथे दुबळी पडते. एका टाक्याने एवढा फरक पडत असेल, तर वीतभर लांबीच्या धातूने काय होत असेल, याची कल्पना करावी. अमेरिकन अस्थिशल्यचिकित्सक अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्ये या परिस्थितीला ‘पृष्ठभागासाठीची शर्यत’ म्हटले. धातूवर शरीराच्या पेशी आधी स्थिरावल्या तर संरक्षण मिळते. जिवाणू आधी पोहोचले तर ते स्वतःभोवती चिकट थर विणतात आणि त्या थराआड औषधाची मात्रा शेकडो पटींनी वाढवली तरी ते तग धरतात.

चार्नली यांनी हे अनुभवातून ओळखले होते. शस्त्रक्रियागृहात गाळलेल्या हवेचा बंदिस्त कक्ष आणि संपूर्ण अंग झाकणारे पोशाख आणून त्यांनी संसर्गाचे प्रमाण सुमारे सात टक्क्यांवरून एक टक्क्याच्या खाली नेले. पण घरी आल्यावर शर्यतीचा उरलेला भाग रुग्णाच्या हाती असतो. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात ठेवणे ही त्यातली सर्वांत मोठी गोष्ट, कारण वाढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशींचे काम मंदावते आणि शस्त्रक्रियेच्या ताणाने साखर तशीही चढते. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे मांडीच्या हाडाच्या मूळ गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तरुण वयातच सांधा बदलावा लागलेले रुग्ण आढळतात. त्यांना संसर्गाचा धोका इतरांपेक्षा अधिक असल्याने त्यांनी जास्तच जागरूक राहावे.

पहिले दोन-तीन दिवस थोडा ताप येणे आणि काही आठवडे जखमेभोवती ऊब जाणवणे स्वाभाविक आहे. रक्तातील सीआरपी हा दाहाचा निर्देशांक शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवसांत शिखर गाठतो आणि पुढील काही आठवड्यांत उतरत जातो. एका आकड्यापेक्षा त्याची दिशा महत्त्वाची असते: उतरलेला निर्देशांक पुन्हा चढू लागला, आठवडा उलटला तरी जखम ओली राहिली, कोरडी झालेली जखम परत पाझरू लागली किंवा कमी होत आलेली वेदना रात्री विश्रांतीतही वाढू लागली, तर तो इशारा समजावा. या टप्प्यावर आपल्याकडे हमखास होणारी चूक म्हणजे औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स आणून घेणे. त्याने ताप उतरतो, जखम सुकल्यासारखी दिसते, पण धातूवरचा थर तसाच राहतो आणि नंतर सांध्यातले पाणी तपासायला पाठवले तर प्रयोगशाळेत जिवाणू उगवतच नाहीत. लक्षणे सुरू झाल्यावर पहिल्या तीन-चार आठवड्यांत निदान झाले, तर सांधा उघडून धुणे, गोळा आणि प्लास्टिकचा भाग बदलणे आणि दीर्घकाळ योग्य अँटिबायोटिक देणे एवढ्यावर मूळ दांडा आणि वाटी अनेकदा वाचवता येतात. उशीर झाल्यास बहुधा सर्व भाग काढावे लागतात, अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता सांधा बसवावा लागतो आणि नवा खुबा त्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी मिळतो.

सिमेंटशिवाय बसवलेल्या सांध्याला आणखी एक परीक्षा द्यावी लागते. त्याच्या खडबडीत पृष्ठभागावरील सूक्ष्म छिद्रांत हाड शिरून वाढले पाहिजे. धातू आणि हाड यांच्यातली हालचाल साधारण ५० मायक्रॉनच्या आत, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी राहिली तर हाड आत वाढते. ती १५० मायक्रॉनच्या पुढे गेली तर हाडाऐवजी तंतुमय ऊती भरते आणि दांडा सैल राहतो. खुर्चीतून उठल्यावर पहिल्या काही पावलांना मांडीत कळ येते आणि चालू लागल्यावर ती कमी होते, अशी तक्रार काही महिन्यांनंतरही टिकली तर दांडा हाडाने धरला आहे ना, हे एक्स-रेवर पाहावे लागते. बर्लिनमध्ये गेओर्ग बेर्गमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम सांध्यातच मोजमापाची यंत्रणा बसवून प्रत्यक्ष भार नोंदवला. सपाट जमिनीवर चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या जवळपास अडीच पट भार येतो, जिन्यावर त्याहून थोडा अधिक, पण अडखळण्याच्या क्षणी तो सात-आठ पटींवर जातो. त्यामुळे जिन्याचा बाऊ करण्यापेक्षा सतरंजीची दुमडलेली कड, न्हाणीघरातले साबणाचे पाणी आणि जमिनीवर पसरलेली चार्जरची वायर यांकडे आधी लक्ष द्यावे. पडण्याने दांड्याभोवतीचे हाड मोडले, तर ते जोडणे साध्या अस्थिभंगापेक्षा बरेच अवघड जाते.

पाय लांब झाल्यासारखे वाटणे ही तक्रार फार वेळा ऐकू येते आणि अनेकदा मोजमाप तिला दुजोरा देत नाही. झिजलेल्या सांध्याने वर्षानुवर्षे कंबर एका बाजूला कललेली असते, स्नायू त्या कलाला सरावलेले असतात आणि पाय पूर्ववत लांबीचा झाला की तोच परका वाटतो. स्नायू सैलावेपर्यंत, म्हणजे काही महिने, बुटात उंची वाढवणारी टाच घालण्याची घाई करू नये. घाईने घातलेली टाच तो कल कायम करते. पाऊल वर उचलता न येणे मात्र वेगळी गोष्ट आहे. ते सायटिक मज्जातंतू ताणला गेल्याचे लक्षण असू शकते आणि ते लगेच सांगावे. असा ताण क्वचितच येतो. त्यातून बरे होण्यास महिने लागतात आणि तोवर पावलाला आधार देणारी पट्टी वापरावी लागते.

लंगडण्यामागचे गणित समजले की काठीचे महत्त्व पटते. एका पायावर उभे राहिल्यावर शरीराचे वजन आतल्या बाजूला ज्या अंतरावर झुकते, त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतरावरून बाजूच्या स्नायूंना कंबर तोलून धरावी लागते. दोन भुजा असमान असलेल्या तराजूसारखीच ही रचना असल्याने या स्नायूंना वजनाच्या जवळपास दुप्पट जोर लावावा लागतो आणि शस्त्रक्रियेनंतर ते दुबळे झालेले असतात. काठी विरुद्ध हातात धरली की तिची भुजा लांब पडते आणि हातावरच्या थोड्याशा भारानेही स्नायूंचे ओझे कितीतरी हलके होते. दुखऱ्या बाजूच्या हातात धरली तर हा फायदा जवळजवळ नाहीसा होतो. तरीही रस्त्यावर पाहावे तर निम्मे लोक ती चुकीच्याच हातात धरतात. काठी कधी सोडावी, याचे उत्तर दिनदर्शिकेपेक्षा फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ मध्ये वर्णिलेल्या चाचणीत अधिक नेमके मिळते. (फुप्फुसात अडकलेली गुठळी शस्त्रक्रियेने काढण्याचा प्रयत्न १९०८ मध्ये करणारे शल्यचिकित्सकही हेच.) फिजिओथेरपिस्टने परवानगी दिल्यावर स्वयंपाकघरातल्या ओट्याला बोटे टेकवून शस्त्रक्रिया झालेल्या पायावर उभे राहावे आणि दुसरा पाय उचलावा. उचललेल्या बाजूची कंबर खाली झुकत असेल, तर स्नायू अजून तयार नाहीत आणि काठी आणखी काही आठवडे हातात राहू द्यावी.