आमरी म्हणजे बांडगूळ नव्हे

‘ऑर्किड? ते तर झाडावरचं बांडगूळ!’ साताऱ्यात हे वाक्य दर पावसाळ्यात कानावर येतं. म्हणणाऱ्याला कास पठारावर न्यावं आणि खाली वाकायला लावावं. तिथे ऑगस्ट-सप्टेंबरात हबेनारिया गटातल्या आमरी, म्हणजे ऑर्किडच, थेट जमिनीतून उगवतात. एकीचे पांढरे तुरे दांड्याच्या एकाच बाजूला असे दाटीनं बसतात, की नावच पडलंय टूथब्रश ऑर्किड. फुलामागे बारीक नळी लोंबते, मध तिच्यात. पानं हिरवी, म्हणजे स्वयंपाक घरचाच. पाऊस सरला की वरचं सगळं वाळतं, मातीतला कंद तेवढा उरतो.

झाडावरच्या आमरीही सालीला नुसत्या धरून असतात. बांडगुळासारखी मुळं फांदीच्या आत घुसवत नाहीत. उधारी असलीच तर ती बुरशीची. धुळीइतक्या बारीक बियांत शिदोरीच नसते, म्हणून रुजताना मातीतली किंवा सालीवरची बुरशी त्यांना पोसते. कंद उपटून कुंडीत लावणाऱ्यांच्या हाती बहुधा काहीच का लागत नाही, त्याचं एक कारण हेच. ती माती कुंडीत येत नाही ना!