हिरडीतलं एन्झाइम सापडलं कसं?

जळगाव-धुळ्याकडे दात हलायला लागला की दोष दातालाच दिला जातो. पुष्कळदा दात धडधाकट असतो. त्याला धरून ठेवणारी हिरडी आणि खालचं हाड झिजलेलं असतं. हिरडीची बळकटी कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंत असते, आणि हे तंतू साध्यासुध्या एन्झाइमला, म्हणजे पदार्थ तोडण्या-जोडण्याचं काम करणाऱ्या प्रथिनाला, दाद देत नाहीत. मग शरीरात ते तुटतात कशाने? ऊतक वाटून अर्क काढला, तर त्यात तसं काही हाती लागत नसे.

१९६२ मध्ये जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर या संशोधकांनी बेडकाच्या पिल्लाची शेपूट घेतली. मोठं होताना ती विरून जाते, म्हणजे कोलॅजेन तोडणारं काहीतरी तिथे असणारच. त्यांनी तुकडे वाटले नाहीत, जिवंत ठेवून कोलॅजेनच्या दुधाळ जेलवर मांडले. तुकड्यांभोवतीचं जेल विरघळून नितळ झालं. पेशी हे एन्झाइम साठवत नाहीत, लागेल तसं बनवून बाहेर सोडतात. म्हणून मेलेल्या ऊतकात ते सापडत नव्हतं. मला या साऱ्या इतिहासातला हाच प्रयोग सर्वांत मोलाचा वाटतो. १९६६ मध्ये फुलमर आणि गिब्सन यांनी माणसाच्या हिरडीतही हे कोलॅजेन तोडणारं एन्झाइम, म्हणजे कोलॅजिनेज, दाखवलं.

शरीराबाहेर पेशी जगवण्याची वाट हॅरिसन या शास्त्रज्ञाने १९०७ मध्येच दाखवली होती. आता अक्कलदाढ काढताना निघालेला हिरडीचा इवलासा तुकडाही पुरतो. ३७ अंशांवर पोषक द्रवात ठेवला की काही दिवसांत त्याच्या कडेने कोलॅजेन बनवणाऱ्या लांबट फायब्रोब्लास्ट पेशी पसरू लागतात. त्यांनी सोडलेल्या कोलॅजिनेजची मोजणी मात्र नाजूक. द्रवात घातलेल्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पाण्यासारख्या भागात) कोलॅजिनेजला जखडणारं प्रथिन असतं, म्हणून मोजण्याआधी पेशी सीरमविना ठेवतात. एन्झाइमही बाहेर पडतं ते सुप्त रूपात. ट्रिप्सिनसारख्या दुसऱ्या एन्झाइमने जागं केलं नाही, तर असूनही दिसत नाही. शेवटी आकडा पेशींच्या संख्येशी किंवा प्रथिनाच्या प्रमाणाशी ताडावा लागतो, नाहीतर पेशी वाढवलेल्या दोन बशांची तुलनाच होत नाही.

खानदेशात या मोजणीला वेगळंच वजन आहे. सुपारी-गुटख्याने तोंड उघडेनासं होतं, तो आजार श्वार्ट्झ या संशोधकाने १९५२ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय स्त्रियांत नोंदवला, आणि १९५३ मध्ये मुंबईच्या जोशींनी भारतातून. तिथे दुखणं उलटं: कोलॅजेन तुटत नाही, साचत जातं. अशा रुग्णांच्या तोंडातल्या पेशी वाढवून पाहिल्या, तेव्हा कोलॅजेनचे धागे एकमेकांना घट्ट जोडणारं लायसिल ऑक्सिडेज जास्त आढळलं. या एन्झाइमला तांबं लागतं, आणि सुपारीत तांबं भरपूर असतं.