पोट पिळवटतं तेव्हा गोळीची वेळ बघा

कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या रुग्णाने "पोट आवळल्यासारखं होतंय" म्हटलं की घरातले आधी ओव्याकडे वळतात, मग हिंगाकडे, आणि शेवटी केमिस्टकडच्या गोळीकडे. हात थरथरण्याच्या आजाराचा पोटाशी काय संबंध, असं वाटतंच. पण १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी या आजारावर जो निबंध लिहिला, त्यातही सुस्तावलेल्या आतड्यांची नोंद आहे. अनेकांना बद्धकोष्ठता तर कंप दिसण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून असते.

आतड्याच्या भिंतीत चेतापेशींचं स्वतंत्र जाळं असतं. पार्किन्सन्समध्ये मेंदूत अल्फा-सिन्यूक्लीन या प्रथिनाच्या गुठळ्या साठतात, तशा त्या या जाळ्यातही सापडतात. आजार आतड्यातूनच सुरू होऊन चेतांच्या वाटेने मेंदूत चढत असावा, अशी कल्पना जर्मन शास्त्रज्ञ हायको ब्राक यांनी २००३ मध्ये मांडली. सगळ्या रुग्णांना ती लागू पडत नाही. पण जठर आणि आतडी मंदावतात, याबद्दल वाद नाही. त्यातून पोटफुगी आणि कळा येतात.

दुसरं दुखणं आतड्याचं नसतंच. हातापायांसारखेच पोटाचे आणि पाठीचे स्नायूही ताठरतात, कधी पिळल्यासारखे आखडतात. लेव्होडोपा या कंपवातावरच्या औषधाचा असर उतरू लागला की हे विशेष जाणवतं. हे औषध रक्तात फार टिकत नाही. साधारण दीड तासात त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. सुरुवातीच्या वर्षांत मेंदू त्यातूनही निभावून नेतो, पुढे त्याला ते जमत नाही. म्हणून पोट आवळलं की आधी घड्याळ बघावं. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली की दुखतं आणि गोळी लागू पडल्यावर सैल होतं, असं रोज घडत असेल तर ओव्याचा उपयोग नाही. गोळ्या, जेवण, शौच आणि दुखणं यांच्या वेळा आठवडाभर वहीत लिहून न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. गोळ्यांच्या वेळा तेच बदलतील. आपल्या मनाने वाढवू नका आणि एकदम बंद तर मुळीच करू नका.

गंमत अशी, की ही दोन दुखणी एकमेकांना खतपाणी घालतात. लेव्होडोपा शोषलं जातं लहान आतड्यात. जठर सुस्त असलं की गोळी तिथेच पडून राहते आणि तिकडे स्नायू आखडतात. शिवाय आतड्यातून रक्तात जायला प्रथिनांमधली काही अमिनो आम्लं तीच वाट वापरतात, म्हणजे पनीर किंवा अंड्यांसोबत घेतलेली गोळी रांगेत उभी राहते. म्हणून ती जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायला सांगतात.

बद्धकोष्ठतेला पाणी, भाज्या आणि चालणं हवंच. इसबगोल घेतलात तर पेलाभर पाण्याबरोबर घ्या. पाणी कमी पडलं तर तोच आत घट्ट बसतो. आखडलेल्या पोटाला गरम पाण्याची पिशवी बरी वाटते, मात्र ती टॉवेलात गुंडाळून. उताणं झोपून गुडघे दुमडायचे, दोन्ही गुडघे हळूहळू एका कुशीला, मग दुसऱ्या कुशीला न्यायचे, श्वास सावकाश सोडायचा. यानेही पोट सैल होतं.

खरी काळजी वाटते ती आपल्याकडे सर्रास घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांची. पोटातल्या कळांवरचं डायसायक्लोमिन आतड्यांना आणखी मंद करतं, वयस्कर माणसांना त्याने भ्रमही होऊ शकतो. गॅस-ॲसिडिटीच्या कितीतरी कॅप्सूलमध्ये लेव्होसल्पिराइड असतं. लेव्होडोपापासून मेंदूत जे डोपामिन नावाचं रसायन बनतं, त्याचंच काम ते अडवतं. त्यामुळे ताठरता वाढते, आणि पार्किन्सन्स नसलेल्या माणसातही तशी लक्षणं उभी राहतात. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड त्याच माळेतलं. कॅप्सूलच्या पाकिटामागचं बारीक अक्षर वाचायचं काम शुभंकराने अंगावर घ्यावं. (पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात.)

पोट ढोलासारखं फुगलं, उलट्या सुरू झाल्या, वारा सरेनासा झाला, किंवा ताप आला, शौचातून रक्त गेलं, तर वहीत लिहीत बसू नका. आतड्याला पीळ पडण्याचा धोका या रुग्णांना असतो. थेट हॉस्पिटल गाठा, आणि उलटीचं इंजेक्शन देण्याआधी तिथल्या डॉक्टरांना पार्किन्सन्स असल्याचं सांगा. चालू गोळ्यांची नावं आणि वेळा लिहिलेली चिठ्ठी पाकिटात असू द्या. त्या धावपळीत कुणालाच काही आठवत नाही.