मैदानी खेळांच्या कपड्यांचा रचनाकार

मैदानी खेळ, धावणे आणि जंगलभ्रमंती यांसाठी कापड निवडणे, मापावरून पेपर पॅटर्न (कागदी साचा) काढणे, नमुना शिवून मैदानावर तपासणे आणि मग पूर्ण संच तयार करवून घेणे हा व्यवसाय. जर्सीवर वाघाचे चित्र छापून देणे ही त्यातली सर्वांत सोपी बाजू. गावात मात्र त्यालाच डिझायनिंग म्हणतात. ग्रामीण विदर्भात गिऱ्हाईक मुख्यतः तीन : कबड्डी-खोखोची मंडळे, पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळणारी मुले-मुली आणि मेळघाट-ताडोबाकडे जंगलात पायी हिंडणारे.

कापड : कापसाच्या मुलखात सुती जर्सी चालत नाही, ही गोष्ट शेतकऱ्याच्या पोराला पटायला वेळ लागतो. प्रमाणित हवेत कापूस वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरतो, पॉलिएस्टर अवघा ०.४. घामाने भिजलेले सुती बनियन जड होऊन काखेत सोलते. पॉलिएस्टरचा धागा पाणी पीत नाही. घाम विणीतून बाहेरच्या बाजूला पसरतो आणि उडून जातो. मात्र मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या कोरड्या उन्हात सावकाश चालणाऱ्याला ओलसर सुती कापडच गार वाटते. म्हणून आधी विचारावे, हा माणूस पळणार की चालणार?

कबड्डीला १५०-१६० जीएसएमचे (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) इंटरलॉक, म्हणजे दुहेरी विणीचे कापड, घ्यावे. १२०चे डॉट निट (बारीक छिद्रांच्या विणीचे) पळण्याला छान, पण पकडीत फाटते. असे विणीचे (निट) कापड किलोने मिळते. १५० जीएसएमच्या एका मोठ्या जर्सीला कातरणासह १८०-२०० ग्रॅम लागते, म्हणजे १२ जणांच्या संघाला सुमारे अडीच किलो. रोल उलगडून कापड एक दिवस मोकळे पडू द्यावे. रोलमध्ये ते ताणलेले असते. लगेच कापले तर शिवल्यावर आखडते आणि लार्ज मापाची जर्सी मीडियमवाल्याला येते.

शिलाई : बहुतेक तक्रारी इथल्याच. गावातला टेलर साध्या मशीनवर १६ नंबरच्या टोकदार सुईने जर्सी शिवून देतो. दिसायला नीट असते. पहिल्याच सामन्यात चढाईवाल्याची बाही पकडली जाते. कापड ताणते, साधी शिलाई ताणत नाही, आणि मुंढ्यापाशी कडकड दोरा तुटतो. टोकदार सुईने धागाच कापला असेल, तर भोकापासून वीण उसवत जाते. उपाय असा : गोल टोकाची ११ नंबरची सुई, पॉलिएस्टर दोरा, जोडाला चार दोऱ्यांचे ओव्हरलॉक (कड गुंडाळणारी, ताणणारी शिलाई), घेराला फ्लॅटलॉक (सपाट, ताणणारी शिलाई). शिवलेला जोड दोन्ही हातांनी जोरात ओढून पाहावा. ‘कट्’ आवाज आला तर उसवावे. हाफ पँटमध्ये चार शिलाया जांघेत एका बिंदूवर आणू नयेत. तिथे चौकोनी कळी (कापडाचा जोडतुकडा) घातली की ताण वाटला जातो आणि खाली बसून पाय लांबवता येतो.

छपाई : सबलिमेशन, म्हणजे कागदावरचा रंग उष्णतेने कापडात उतरवणे, पांढऱ्या किंवा फिक्या पॉलिएस्टरवरच उठते. चित्र कागदावर उलटे छापून, कापलेल्या तुकड्यांवर १९०-२०० अंशांना ४५ ते ६० सेकंद दाबतात. शिलाई त्यानंतर करतात. कागद केसभर सरकला तर नंबराला सावली पडते. व्होल्टेज पडून प्रेस तापली नाही तर रंग फिका येतो, म्हणून भारनियमनाच्या वेळा पाहूनच छपाई धरावी. सुती मिश्रणावरचे चित्र दोन धुण्यांत धूसर होते.

जंगलासाठीचे कपडे वेगळेच. पावसाळा सरल्यावर कुसळी गवत पिकते. कुसळ विणीच्या कापडातून आरपार जाऊन टोचते, बाभळीचा काटा त्याच कापडाचे धागे ओढतो. तिथे विणीचे नव्हे, तर बारीक चौकड्यांचे रिपस्टॉप (फाटले तरी चीर पसरू न देणारे) नायलॉन, घोट्याशी इलॅस्टिक आणि मातकट रंग हवा. उलट, भरतीच्या १,६०० किंवा ८०० मीटर धावेचा सराव डांबरी रस्त्याच्या कडेला करणाऱ्यांच्या पाठीवर चमकती पट्टी हवीच. पहाटे ट्रकवाल्याला गडद जर्सी दिसत नाही.

शिक्षण : आयटीआयचा शिवणतंत्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम हा जवळचा रस्ता. १९८६मध्ये स्थापन झालेल्या निफ्टची (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था) पदवी चार वर्षांची, प्रवेशपरीक्षेने. या संस्थेचे मुंबईतही केंद्र आहे. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी सप्टेंबर २०२४मध्ये झाली. विणीचे कापड आणि तयार माल यांची जुनी ठिकाणे मात्र तिरुपूर व लुधियाना. नवख्याने कोणताही वर्ग लावण्याआधी सामन्यात फाटलेल्या पाच-सहा जर्सी मागून आणाव्यात, ब्लेडने उसवून सपाट कराव्यात आणि प्रत्येकीवर खडूने लिहावे : कापड फाटले, की दोरा तुटला?